सारवण, कल्हई आणि सनमायका

आपल्याकडे घरात काही नवे करायचे ठरले की पहिली कुऱ्हाड कोसळते ती स्वयंपाकघरावर. बाहेरच्या खोलीतला सोफा वीस वर्षे चालतो, दिवाणाखाली ट्रंकांचे राज्य अबाधित असते. ओट्याखालची दारे मात्र एका सकाळी बिजागऱ्यांसकट जिन्यात येऊन पडतात. पेणला किंवा रोह्याला ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या तीन-चार मजली इमारती उठल्या, त्यांच्या दारात हे दृश्य हल्ली वारंवार दिसते. खाली भंगाराचा टेम्पो उभा असतो. त्यात फिकट निळ्या, पिस्ता, नाहीतर लाकडाच्या रेघांचा भास करणाऱ्या सनमायकाची दारे रचलेली असतात. एखाद्या फळीवर गरम पातेल्याचा गोल चटका, कुठे कडेची पट्टी सुटलेली, कुठे हळदीचा जुना डाग. आणि वर तिसऱ्या मजल्यावर ‘मॉड्युलर’वाला टेप धरून माप घेत असतो.

त्या टेम्पोतली कितीतरी दारे अजून पंधरा-वीस वर्षे सहज निघाली असती असे माझे मत आहे. त्यांना हवा होता तो फक्त रंगाचा हात. ‘सनमायकाला कुठे रंग धरतो का?’ असे कोणीही विचारील. धरतो. तो कसा, कुठे आणि कुठे धरत नाही, हे पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून टाकते. जुना पृष्ठभाग पुन्हा नवा करून वापरण्यात आपल्याला जो कमीपणा वाटू लागला आहे, तो आपल्या घरांतला नव्हे. तो अलीकडचा आहे, आणि बराचसा उसना आहे.

आठवून पाहा. चूल जमिनीवर होती तेव्हा स्वयंपाकघराची जमीन आठ-पंधरा दिवसांनी सारवली जाई. चूल आणि तिचा वैल रोज पोतेऱ्याने निघे. शेणाचा थर पातळ असतो, तो झिजतो, उखडतो, हे घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक होते. म्हणून तर तो पुन्हा घालायचा. भिंतीला वर्षाकाठी चुन्याचा हात. पितळेच्या पातेल्यांना कल्हई. कल्हई म्हणजे तरी काय? भांडे तेच, आतला कथलाचा मुलामा तेवढा नवा. तो गेला की आमटी-ताकातली आंबट पितळेला लागते, कळकते, पोटाला बाधते. म्हणून कल्हईवाला गल्लीत आला की घरोघरची पातेली बाहेर निघत, भाता फुंकला जाई, नवसागराचा धूर उठे आणि काळवंडलेले भांडे चांदीसारखे होऊन घरात जाई. ‘या पातेल्याची कल्हई गेली, फेकून द्या’ असे कोणी म्हटले असते तर त्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असेच घरच्या बाईने मानले असते. वस्तू टिकाऊ आणि तिचा वरचा थर नाशवंत, हा हिशेब सगळ्यांना मान्य होता.

मग गॅस आला. इंडेनची सुरुवात १९६५ सालची; मुंबईत त्याच्याही आधी बर्शेन आला होता. आपल्याकडच्या गावांत मात्र नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गॅसबरोबर बाई उभी राहिली आणि ओटाही उभा राहिला. पाट गेला, पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला आणि तो ठेवायला फळी आली. ओट्यावर कडप्पा बसला. ओट्याखाली उघडे खण होते, त्यांना आधी पडदे लागले, मग प्लायवूडची दारे आणि दारांवर सनमायका. त्या सनमायकाबरोबर एक नवा शब्द घरात शिरला. तो म्हणजे ‘कायमचे’. एकदा करून टाकू, मग कटकट नाही. पुसले की चकचकीत. माझ्या मते आपली सगळी गडबड या शब्दाने केली आहे. जे कायमचे म्हणून घेतले ते डागाळले की फसवल्यासारखे वाटते, आणि फसवणाऱ्याला घराबाहेर काढावेसे वाटते.

सनमायका हे खरे तर एका कंपनीच्या मालाचे नाव, पण वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे ते आपल्याकडे सगळ्याच लॅमिनेटला पडले. या वस्तूचा मूळपुरुष म्हणजे फॉर्मायका. अमेरिकेत सिनसिनाटी शहरी १९१३ साली दोघा जणांनी तो बाजारात आणला, आणि तो स्वयंपाकघरासाठी नव्हताच मुळी. विजेच्या यंत्रांत अभ्रक लागे. अभ्रक म्हणजे मायका. त्या मायकाऐवजी वापरायचा म्हणून ‘फॉर मायका’. टेबलावर, ओट्यावर तो नंतर चढला. तिकडे तर अख्खा ओटाच लाकडी पाट्यांवर लॅमिनेट चिकटवून करतात. म्हणून जुना ओटा रंगवून नवा करण्याची विद्या तिकडच्या घरांत रुजली. आपल्याकडे ओटा दगडाचा. आपले लॅमिनेट ओट्याच्या खाली, बाजूच्या फळीवर, जेवणाच्या टेबलावर आणि फार तर मिक्सरच्या मांडणीवर. म्हणजे सुरी, विळी आणि तापलेला तवा यांच्यापासून ते आधीच जरा दूर आहे. तेव्हा रंगवण्याचा हा प्रयोग तिकडच्यापेक्षा आपल्या घरात यशस्वी होण्याची शक्यता जास्त!

सनमायकाचा तुकडा मोडून पाहिला आहे का? आत तपकिरी कागद दिसतात. फिनॉलच्या राळेत भिजवलेले जाड कागद एकावर एक, त्यांच्यावर छापील नक्षीचा एक कागद, त्यात मेलामाइनची राळ, आणि हे सगळे प्रचंड दाबाखाली उष्णता देऊन एकजीव केलेले. जाडी मिलीमीटरभर. वरचा थर काचेसारखा घट्ट. पाणी पीत नाही, तेल पीत नाही, आणि म्हणूनच रंगही पीत नाही. लाकडावर रंग आत मुरतो, भिंतीवर मुरतो. सनमायकावर तो नुसता बसतो. त्याला बसायला जागा करून द्यावी लागते. या कामातली ग्यानबाची मेख एवढीच आहे.

आणि ही मेख समजून घ्यायला पेणकरांनी लांब जायची गरज नाही. पेण, हमरापूर, जोहे हा सगळा टापू गणपतीच्या कारखान्यांचा. भाद्रपदात घरी मूर्ती आणणाऱ्याला दिसतात ते गणपतीचे डोळे, पीतांबराची किनार, सोंडेवरची झाक. कारखान्यात बराच वेळ खातात त्या भलत्याच गोष्टी. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्तीचे सांधे भरणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ झटकणे, पांढरा हात देणे, पुन्हा बारीक कागद फिरवणे. ही कामे करणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. अंगाचा रंग यंत्राच्या फवाऱ्याने भराभर होऊन जातो. डोळ्यांची आखणी करणारा कलावंत म्हणून मान घेतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. पण खाली घासण्यात कसर राहिली असेल तर त्याच्या आखणीलाही खड्डा दिसतो. ज्या गावाला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे त्या गावात ओट्याखालचे दार ‘रंग काय टिकणार’ म्हणून भंगारात जावे याची मला गंमत वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. पहिली गोष्ट म्हणजे दार रंगवण्याजोगे आहे का हे पाहणे. अंगठ्याने कडा दाबून पाहावी, बोटाच्या पेराने टकटक करावी. पोकळ वाजले तर सनमायका आतून सुटलेला आहे. तो फेविकॉल घालून, वर वजन ठेवून आधी बसवावा. मोरीच्या नळाखालचे प्लाय फुगून पदर सुटले असतील, किंवा मागे वाळवीची माती दिसत असेल, तर त्यावर रंगाचा पैसा घालू नये. ते दार गेलेच. तेवढे एक दार बदलावे. त्याच्यासाठी बाकीच्या अकरा दारांना फाशी देऊ नये.

मग तेलकटपणा. आपल्या फोडण्यांचा धूर वर्षानुवर्षे त्या दारांवर बसून एक चिकट थर झालेला असतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातात रबरी मोजे घालून तो दोनदा काढावा आणि मग साध्या पाण्याने पुसून दार पुरते वाळू द्यावे. या पायरीला रंगारी बहुधा बगल देतात आणि मग सहा महिन्यांनी मुठीजवळचे पापुद्रे निघतात. तेलाचा थर तसाच ठेवून घासले तर तेच तेल घासकागदाने सगळीकडे पसरते, हे लक्षात घ्यावे.

त्यानंतर १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा पृष्ठभाग घासायचा. नक्षी खरवडून काढायची नाही. फक्त चकाकी मारायची. उजेडात तिरपे धरल्यावर दार सगळीकडे सारखे मंद दिसले पाहिजे. जिथे चमकेल तिथे रंग सुटेल. नाकाला फडके बांधावे, आणि दारावर आधीचा जुना रंग असेल तर कागद ओला करून घासावा. घरगुती रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत नव्वद भाग इतकी खाली आणणारे नियम आपल्याकडे २०१६ चे आहेत आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून ते लागू झाले. त्याआधीच्या रंगात काय होते याचा भरवसा धरू नये. घरात लहान मूल असेल तर हे काम गॅलरीत किंवा गच्चीवर.

भोके, चिरा लांबीने भरून घ्याव्यात. मग प्रायमर. इथे दुकानदार हमखास लाकडाचा साधा प्रायमर पुढे करतो. तो नको. गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहणारा म्हणून जो मिळतो तो, किंवा दोन डब्यांतला इपॉक्सी प्रायमर मागावा. घरातल्या कुठल्याशा दाराच्या आतल्या बाजूला वीतभर जागेत तो आधी लावून पाहावा. दोन दिवसांनी पात्याने त्यावर बारीक चौकडी पाडावी, वर सेलोटेप घट्ट दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. टेपला रंगाचे चौकोन चिकटून आले तर तयारी कच्ची आहे, पुन्हा घासा. स्वच्छ निघाली तर निर्धास्तपणे पुढे जा. रंगाऱ्याच्या शब्दापेक्षा या टेपवर विश्वास ठेवावा असे मी सांगेन. आयुष्यभर लोकांच्या कागदपत्रांची तपासणी केल्याने माझा स्वभाव असा झाला आहे, त्याला इलाज नाही.

रंग कोणता? साधा ऑइल पेंट स्वस्त पडतो, ब्रशाने घरच्या घरी लावता येतो. पण तो पुरता कडक व्हायला आठवडे घेतो आणि पांढरा घेतला तर अंधाऱ्या स्वयंपाकघरात हळूहळू पिवळा पडतो. हार्डनर मिसळायचा पीयू रंग महाग, पण कितीतरी चिवट. तो मिसळल्यावर काही तासांतच संपवावा लागतो, म्हणून लागेल तेवढाच मिसळावा. त्याची वाफ छातीला वाईट. खिडक्या उघड्या ठेवून, योग्य मास्क लावून, जाणत्या माणसाकडूनच तो करून घ्यावा. दम्याचे माणूस घरात असेल तर दारे काढून बाहेरच रंगवून आणावीत. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन-तीन हात द्यावेत आणि मध्ये बारीक कागद फिरवावा. आणि काही झाले तरी हे काम पावसाळ्यात काढू नये. आपली कोकणची हवा जून ते सप्टेंबर पाण्याने जड असते; हार्डनर दमट हवेत बिघडतो, रंगाला बारीक फोड येतात, चकाकी पांढुरकी होते.

जिथे रंग चालत नाही तेही सांगायला हवे. ज्या फळीवर कणीक मळता, पोळ्या लाटता, भाजी चिरता, तिथे रंग नको. तिथे पोळपाट आणि लाकडी पाटच हवा. रंगवलेल्या फळीवर कुकर उतरवताना खाली काही तरी ठेवावेच लागेल. आणि कडप्प्याच्या ओट्याला तर कृपा करून रंग लावू नये. कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू सांडले, चिंचेचे पाणी राहिले की त्याला डाग पडतो, हे खरे. पण तो डाग घोटून काढता येतो. मशीन फिरवून पॉलिश केले की तीस वर्षांचा कडप्पा पुन्हा काळाभोर होतो. दगडाला घोटणे, सनमायकाला रंग, पितळेला कल्हई. ज्याचे औषध त्याला.

आता पैशाविषयी. नोकरीत असताना रोह्याच्या शाखेत मी काही काळ कर्जाच्या टेबलावर होते. (रोहा म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे गाव, तिथे कर्जाच्या टेबलावर बसताना उगाचच पाठ ताठ होत असे.) घरदुरुस्तीच्या अर्जांत स्वयंपाकघराचा खर्च कसा फुगतो हे मी पाहिले आहे. नवरा अर्जदार, बायको जामीन, आणि अंदाजपत्रक तिसऱ्याच माणसाने लिहिलेले. आजचा हिशेब मांडते. तीन लाख रुपये बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता होतो सुमारे ६,६७३ रुपये. साठ हप्त्यांत चार लाख जातात. म्हणजे लाखभर रुपये निव्वळ व्याजाचे, आणि तेही अशा कपाटांसाठी की ज्यांच्यावर पुन्हा लॅमिनेटच असते! आतला प्लाय पूर्वीइतका जाड असेलच असे नाही. पुष्कळदा तो प्लाय नसून भुशाचा दाबलेला तक्ता असतो आणि त्याला पाणी लागले की तो बिस्किटासारखा फुगतो. तुमच्या जुन्या दारांतला चांगला प्लाय भंगारात देऊन आपण हा तक्ता घरात आणतो.

पेणमध्ये या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यात पेन्शनरांचे होते, मुलीच्या लग्नाचे होते, कारखानदारांचे होते, भाजीवालीचे होते. पंधरा वर्षे उलटून गेली तरी त्या गावात ठेव आणि कर्ज हे शब्द लोक जपून उच्चारतात. अशा घरातल्या बाईने शेजारच्या नव्या किचनकडे पाहून मनात झुरावे आणि स्वतःच्या डागाळलेल्या दारांची लाज बाळगावी, हे मला पटत नाही. थोड्या हजारांत आणि चार दिवसांच्या मेहनतीत तिचा ओटा तिला हवा तसा होऊ शकतो. हे तिला कोणी सांगत नाही, कारण सांगण्यात कोणाचाच फायदा नाही. दुकानात नव्या किचनचे आठ रंगीत कॅटलॉग असतात. जुने दार घासण्याचा कॅटलॉग कोण छापणार?

‘रंग म्हणजे नुसती मलमपट्टी, वरवरचे झाकणे’ हा आक्षेप मी ऐकला आहे. वरच्या रंगाला भुलू नये असे आपले संत सांगून गेलेच आहेत. पण भुलवण्यासाठी लावलेला रंग वेगळा आणि जपण्यासाठी लावलेला वेगळा. कुजलेल्या फळीवर रंग मारून घर विकणे ही लबाडी. धडधाकट फळीला पाण्यापासून वाचवण्यासाठी रंग देणे म्हणजे सारवणच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तो असा की, बाईला कधी नव्हे ते नवे काही मिळते आहे, त्यातही तुमचा काटकसरीचा उपदेश कशाला? मान्य. ओटा कमरेपेक्षा खाली असेल, वाकून वाकून पाठ गेली असेल, सिलिंडर काढताना हात सोलत असेल, तर ओटा खुशाल फोडावा आणि नव्याने बांधावा. तो खर्च मी कर्जाच्या टेबलावरही डोळे मिटून मंजूर केला असता. माझा आक्षेप आहे तो उंची तीच, अडचण तीच आणि फक्त दारे नवी, या खर्चाला. १९२६ साली मार्गारेट शूट-लिहोत्स्की या स्थापत्यकार बाईने जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये कामगारांच्या घरांसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, त्याला आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणतात. तिने आधी पावले मोजली, हात कुठवर पोचतो ते पाहिले. आपल्या मापवाल्यांपैकी कितींनी घरातल्या बाईला ओट्यापाशी उभे करून तिच्या कोपराची उंची मोजली आहे?

तेव्हा ज्यांना करायचे असेल त्यांनी दिवाळी होऊन जाऊ द्यावी. कार्तिक ते फाल्गुन हवा कोरडी असते, उन्हात दारे चांगली वाळतात. दारे काढताना प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नंबर घालावा, नाहीतर परत बसवताना एकही बिजागरी जुळत नाही. रंग झाल्यावर दोन-तीन आठवडे ओल्या फडक्याने खसाखसा पुसू नये, घासणीला तर हात लावू नये. आणि दारे काढलेली असतील तेवढे दिवस ओट्याखालचे सगळे संसार उघडे पडतात याची तयारी ठेवावी. शेजारणी चहाच्या निमित्ताने येऊन तुमच्याकडे डबे किती, त्यांतले झाकण नसलेले किती आणि मागच्या लग्नातली न वापरलेली ताटे कुठे दडवली आहेत, हे सगळे बघून जाणारच.